व्हई बी, नही बी

मेहरूण, जळगाव
१४ नोव्हेंबर १९८८

ती. रुपचंद मामांस,
सप्रेम जयभीम.

पाकीट फोडल्याबरोबर तुम्ही आधी सोबतचा टाइप केलेला कागद उघडला असणार. इंग्रजी दिसलं की तुम्हाला माणसं दिसत नाहीत, असं मामीच म्हणते. तो कागद जरा बाजूला ठेवा आणि आधी माझं ऐका.

आईचा डावा डोळा लहानपणीच कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागून गेला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता उजव्यात मोतीबिंदू पिकलाय आणि त्याच्यामागे काचबिंदूचा दाबही निघालाय. सकाळी हातभर अंतरावरचं तिला बरं दिसतं. ऊन चढलं की दिपतं. तांदळातले खडे दिसत नाहीत, पण मान्य करत नाही. भात खड्यांसकट शिजवते आणि वर मलाच म्हणते, तुझे दात कच्चे आहेत.

मी ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात टायपिस्ट आहे तिथे ऑक्टोबरपासून एक इंग्रज डॉक्टर आले आहेत. नाव पेम्बर्टन. तीन महिने राहणार. भला माणूस आहे. प्रत्येक पेशंटला त्याच्या डोळ्याबद्दल दोन पानी पत्र लिहितात, मी ते टाइप करते आणि मग बाहेरच्या बाकावर बसून त्या माणसाला मराठीत समजावते. आतापर्यंत तीसेक जणांना समजावलं असेल. आईचं पत्रही मीच टाइप केलं. पण ती माझ्याकडून ऐकायला तयार नाही. "तू मन्ही पोर शे. तुले मन्ही दया ई. भाऊ वाची, मंग मी अंगठा देसू," म्हणते.

आपल्या घरची रीतच आहे ही. कोर्टाची नोटीस असो, तार असो, नाहीतर खताच्या गोणीवरची छापील ओळ, इंग्रजी कागद आला की तो साक्रीला जातो. तेव्हा हा कागद मराठीत करून लवकर पाठवा. ऑपरेशन २० डिसेंबरला धरलंय. आई रोज दारात उभी राहून वना पोस्टमनला विचारते, साक्रीचं काही आहे का.

मामीला जयभीम.

तुमची भाची,
विशाखा

---

साक्री, जि. धुळे
१९ नोव्हेंबर १९८८

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

तुझा अंदाज बरोबर. कागदच आधी उघडला. तुझ्या त्या मामीने, शेवंताने, शेजारी उभं राहून तुझं पत्र मोठ्याने वाचलं, तेव्हा कुठे अक्काचं कळलं.

तुझ्या डॉक्टरसाहेबांचं इंग्रजी शुद्ध आहे, त्यात वाद नाही. पण दोन पानांत 'मे' सतरा वेळा आणि 'माइट' चार वेळा. मी लाल पेन्सिलीने खुणाच केल्या. एकवीस वर्षं झाली, आठवीच्या वर्गात मी फळ्यावर 'इट मे रेन टुडे' लिहितोय. आपली साक्रीकडची पोरं, पावसावर पोट असलेल्यांची. ती दरवर्षी मला विचारतात, सर, पडेल की नाही ते एक काय ते सांगा ना. मी म्हणतो, इंग्रजाला विचारा.

मला तरी वाटतं, इंग्रजांचं हे 'मे' म्हणजे आपल्या तालुका कचेरीतल्या कारकुनाचं 'बघू'. काम झालं तर मी म्हणालोच होतो, नाही झालं तरी मी म्हणालोच होतो. दोन्ही डगरींवर पाय ठेवून यांनी एवढं राज्य कसं केलं कोण जाणे. असो. डॉक्टर शिकलेला आहे, हात चांगला असेल.

अक्कासाठी मराठी कागद सोबत जोडला आहे. सोपा केला आहे. असा आहे:

'लिलाबाई यांचा उजवा डोळा तपासला. मोतीबिंदू काढायचा आहे. मागे दाब आहे, त्याचाही बंदोबस्त त्याच वेळी करू. ऑपरेशननंतर नजर सुधारेल. दोन-चार दिवस दुखेल, पट्टीला हात लावू नये. ऑपरेशन केलं नाही तर दोन-तीन वर्षांत नजर हळूहळू जाईल.'

हे सावकाश वाचून दाखव. घाईने वाचलंस तर अक्काला वाटेल तू काहीतरी लपवते आहेस.

तुझा,
रुपचंद मामा

---

मेहरूण, जळगाव
२४ नोव्हेंबर १९८८

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

कागद मिळाला. आईला अजून दिला नाही. आलाच नाही म्हणून सांगितलं. वना पोस्टमनलाही तेच सांगायला लावलं, आणि तो बिचारा रोज मान खाली घालून दारावरून जातो.

मामा, दुसऱ्या पानावरची मधली ओळ तुमच्या कागदात नाही. ती मी स्वतः टाइप केली आहे, म्हणून मला पाठ आहे. या ऑपरेशनमध्ये आहे ती नजरही पूर्ण जाऊ शकते आणि गेली तर परत आणता येणार नाही, असं त्यात होतं. शिवाय 'नजर सुधारेल' असं डॉक्टरांनी लिहिलेलं नाही. सुधारूही शकेल, असं लिहिलंय. तुमच्यासारखा माणूस चुकून ओळ सोडत नाही. मी लहान असताना तुम्ही मला एका राहिलेल्या पूर्णविरामासाठी पान पुन्हा लिहायला लावलं होतं.

आणि त्यांचं 'मे' म्हणजे आपलं 'बघू' नाही. मी दीड महिना रोज ऐकते आहे. आपल्याकडे कोणी 'बघू' म्हणालं की समजायचं, काम होत नाही, फक्त तोंडावर नाही म्हणवत नाही. या माणसाला नाही म्हणायचं असेल तर तो सरळ नाही म्हणतो. परवा शिरपूरकडच्या एका बाबाला त्यांनी तोंडावर सांगितलं, या डोळ्याचं काही होणार नाही, उगाच पोटाला चिमटा घेऊन फेऱ्या मारू नका. तिथे 'मे' नव्हता. मोतीबिंदू साधा असला तर म्हणतात, दिसेल. तिथेही नसतो. जिथे त्यांना खरोखर माहीत नसतं, तेवढ्याच जागी तो शब्द येतो. त्यातही जे त्यांनी स्वतःच्या हाताखाली घडलेलं पाहिलंय त्याला 'मे', आणि जे क्वचितच कुठे घडतं त्याला 'माइट', आवाज जरा खाली आणून. आधी मलाही ती पळवाट वाटायची. आता वाटतं, आपल्याला कुठपर्यंत कळतं त्याची ते हद्द आखून देतात आणि तिच्यापुढे पाऊल टाकत नाहीत.

काल धीर करून विचारलं, असे डोळे दहा असले तर किती जातात? म्हणाले, साधारण दोन. मग पत्रात तो आकडाच का लिहीत नाही? तर म्हणाले, तुझ्या आईजवळ दहा डोळे नाहीत, एकच आहे.

मामा, तुम्ही ओळ का सोडलीत? मला कळवा. तोवर मी कागद डब्यात ठेवते.

विशाखा

---

साक्री
२९ नोव्हेंबर १९८८

चि. विशाखास,
आशीर्वाद.

ओळ सुटली नाही, मी गाळली. तुझ्यापाशी खोटं चालणार नाही हे आधीच कळायला हवं होतं. टायपिस्ट भाची म्हणजे घरात सी.आय.डी.

का गाळली ते सांगतो. हे तुझ्या आईशी मी कधी बोललेलो नाही आणि तूही बोलू नकोस.

एकोणसत्तर साल. आबा, म्हणजे तुझे आजोबा आधार बैसाणे, धुळ्याला दवाखान्यात होते. पोटात गाठ. मोठे डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी येत नव्हतं. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. आपल्या वस्तीतला पहिला मॅट्रिक, पहिला मास्तर, इंग्रजी बोलायला मिळालं की छाती फुगायची. डॉक्टर खाटेपाशी उभे राहून मला म्हणाले, 'ही मे नॉट लास्ट द मंथ.' आबांनी विचारलं, काय म्हणतात रे? आणि मी, गाढवाने, अर्थ सांगा म्हटल्यासारखा तिथल्या तिथे अर्थ सांगितला. आबा, महिना निघेल की नाही सांगता येत नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आबांनी ताट सरकवलं. नवव्या दिवशी गेले. स्मशानातून परतताना अक्का माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुन्हा इंग्रजीनी बाप खाई टाका." बस, एवढंच. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. घरी येणंजाणं, सण, तुझा जन्म, तुझ्या वडिलांचं जाणं, सगळं नीट झालं. पण तेव्हापासून अक्का प्रत्येक इंग्रजी कागद मलाच पाठवते आणि प्रत्येक वेळी अर्थ लिहिण्याआधी मी तो तीन-तीनदा वाचतो. खताच्या गोणीवरची ओळ असली तरी.

मेला माणूस मेला. पण ज्याला आधी सांगितलं तो आधी मेला. आपल्याकडची जुनी माणसं वाईट तोंडातून काढत नाहीत, त्यांना अक्कल नव्हती असं समजू नकोस. तुझे डॉक्टर हद्द आखून देतात हे छान आहे. पण हद्दीपलीकडच्या अंधारात राहायचं अक्काला आहे, त्यांना नाही. तिने धीराने टेबलावर झोपावं. भीतीने हात-पाय गार पडलेल्या बाईचं ऑपरेशन कसं नीट होईल?

माझाच कागद वाच. वाचून झाला की इंग्रजी कागद फाडून टाक. मामा म्हणून एवढं मागतो.

रुपचंद

---

मेहरूण, जळगाव
५ डिसेंबर १९८८

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी दवाखान्याच्या जिन्यात बसून वाचलं. तुम्ही हे एकोणीस वर्षं एकट्याने बाळगलंत याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून तुम्ही सांगितलंत तेच केलं. काल आईला म्हटलं, भाऊचा कागद आलाय, आणि तुमचा कागद सावकाश वाचून दाखवला. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "डाक्टरनी दोन पानं लिखेल व्हतात. भाऊनं एकच पान कसं व्हयनं?"

मी म्हटलं, मराठीला जागा कमी लागते.

"मराठी इतली बारीक व्हई गयी का?" असं म्हणून ती हसली. मग हसू गेलं आणि म्हणाली, "राहेल शे ते वाच."

मामा, मी खूप गोल गोल फिरले. ती पुढ्यात बसून राहिली. शेवटी मी ती ओळ सांगितली. आहे ती नजरही जाऊ शकते, म्हटलं. तर तिचं उत्तर ऐका. "जाऊ शकते म्हंजे? डोया काय पैलवान शे का?" मग मी वर्गात तुम्ही सांगता तसं समजावत बसले, म्हणजे जाईलच असं नाही, पण जाणार नाही असंही नाही, डॉक्टरांना माहीत नाही, कोणालाच नाही. तिने मला मधेच थांबवलं.

"म्हंजे व्हई बी, नही बी."

हो, म्हटलं. होईलही, नाहीही. अगदी तेवढंच.

"मंग इतलं सोपं इंग्रजी भाऊले कसं नही उनं?"

आज हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. आता येईल त्या पेशंटला 'वई बी, नई बी' म्हणतात आणि माणसं माना डोलावतात. बाकावरचं माझं निम्मं काम कमी झालं.

पण काल ते ऐकल्यावर आईने एकच विचारलं, वीस तारखेला किती दिवस राहिले? मी म्हटलं, सोळा. आज सकाळी उठून तिने पिशवी भरली, शेजारच्या झुंबरबाईंना सोबत घेतलं आणि धुळ्याच्या बसमध्ये बसली. साक्रीला भाऊकडे जाते म्हणाली. कशाला ते सांगेना. हे पत्र पोचेपर्यंत ती तुमच्याकडे पोचलेलीसुद्धा असेल. तिला सगळं माहीत आहे एवढं ध्यानात ठेवा. मी तुमचं ऐकलं नाही, माझ्यावर रागवा, पण ती तिथे आहे तोवर नको.

विशाखा

---

साक्री
१३ डिसेंबर १९८८

चि. विशाखास,
आशीर्वाद.

तुझ्यावर रागावलो नाही. रागवायला माझ्याजवळ तोंड नाही.

अक्का आली, तीन दिवस राहिली आणि गेली. कागदाबद्दल एक शब्द काढला नाही. आबांबद्दल नाही, ऑपरेशनबद्दल नाही. सकाळी सात वाजता माझी खुर्ची अंगणात ओढायला लावायची, मला कोवळ्या उन्हात बसवायचं, स्वतः समोर पाट घेऊन बसायचं आणि नुसतं बघत राहायचं. इतकं जवळ की तिचा श्वास मला लागत होता. मी विचारलं, अक्का, काही बोलायचंय का? तर "तू तुन्हा चहा पी." मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं तर तिने ते खाली केलं. तिन्ही सकाळ हेच. शेवंताला म्हटलं तू तरी विचार, तर शेवंतालाही पुढ्यात बसवून तसंच.

दुसऱ्या दिवशी शाळेत आली. आठवीच्या वर्गाच्या दाराशी, व्हरांड्यात बसली. पोरं खुदुखुदु हसायला लागली. मला 'मे'चा धडा घ्यायचा होता. तिच्यासमोर तो शब्द फळ्यावर कसा लिहू? मुकाट्याने भूतकाळ शिकवला. भूतकाळात निदान धोका नसतो असं वाटलं होतं.

निघताना स्टँडवर तिने माझी हनुवटी धरली आणि पुन्हा तशीच बघत राहिली. कंडक्टर ओरडला तेव्हा सोडली. विशाखा, ती नजर मी ओळखतो. स्मशानातून परतताना तीच होती. तेव्हा बापासाठी होती, आता मी तिला फसवायला निघालो म्हणून. या वेळी तिने तेवढेही शब्द माझ्यावर खर्च केले नाहीत.

वीस तारखेला मी येणार होतो. रजेचा अर्जही लिहिला होता. पण आता माझा पाय उचलत नाही. ऑपरेशनला जाताना तिला समोर मी दिसू नये हे बरं. काय होईल ते कळव. जसं असेल तसं कळव.

रुपचंद

---

मेहरूण, जळगाव
२३ डिसेंबर १९८८

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

जसं असेल तसं कळव म्हणालात, म्हणून लिहिते. आईची नजर गेली.

वीस तारखेला ऑपरेशन चालू असतानाच डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी थांबवायचा खूप प्रयत्न केला. काल सकाळी पट्टी काढली. त्यांनी टॉर्च धरला, बोटं धरली, खिडकी उघडली. आईला उजेडसुद्धा कळला नाही.

डॉक्टर स्टूल ओढून खाटेपाशी बसले, तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, गेली, परत येणार नाही, मला वाईट वाटतं. त्यात 'मे' कुठेच नव्हता. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर आईने मला हाताने थांबवलं. तिला कळलं होतं. तीच त्यांचा हात थोपटायला लागली. म्हणाली, "तू सांगेल व्हतं ना बाबा." काय म्हणाल्या, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. ते उठून व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आई शांत आहे. जेवली. मी मात्र शांत नाही मामा. तुम्ही यायला हवं होतं.

विशाखा

---

साक्री
२७ डिसेंबर १९८८

चि. विशाखास,

तुझं पत्र शेवंताने वाचलं. मला अर्ध्यापुढे वाचवेना.

एकदा सांगून बाप गेला, एकदा न सांगून बहिणीचा डोळा गेला. तू म्हणशील, मामा, हे काही खरं नाही. नसेल. पण मी पहिल्याच दिवशी तिला सरळ लिहिलं असतं, तर तिने शांतपणे विचार केला असता आणि नाही म्हणाली असती. आहे ती दोन वर्षं तरी पदरात पडली असती. मी लपवलं म्हणून ती चिडली, आणि चिडून अंगठा दिला. मला ओळखून आहे ती. मीही तिला ओळखून आहे.

आणि मला शेवटचं बघितलं ते कसं? तर रागाने. यापुढे तिच्या डोळ्यांपुढे माझं तेच तोंड राहणार.

मी यावं की नाही, तिलाच विचार. नाही म्हणाली तर तसंच लिही.

रुपचंद

---

मेहरूण, जळगाव
२ जानेवारी १९८९

(मामा, हे आईचं पत्र आहे. तुमची सगळी पत्रं मी तिला वाचून दाखवली. ती सांगते तसंच लिहून घेते आहे. सुधारायचं नाही अशी ताकीद आहे. – विशाखा)

रुपचंद भाऊले,
तुन्ही अक्काना जयभीम.

तू सोताले बोल लावू नको. मन्हा डोया तुन्हा कागदमुळे नही गया. डाक्टरनी सांगेल व्हतं, मी ऐकेल व्हतं, आन मीच अंगठा दिन्हा. रागमा नही दिन्हा. नही देती तं दोन वरीसमा हाई नजर जातीच. मी म्हनं, एक डाव लाई देखू. नही लागना. बस, इतलंच.

आते दुसरी गोट. हाई मी कोनलेच सांगेल नही, इसाखाना बापले बी नही. तू सांगं म्हनीसन आबानी ताट सरकाडं, असं घरना बठ्ठासले वाटस. ते खोटं शे. त्याना पंधरा दिन आधीपाईनच आबाना नरडाखाले घास उतरे नही. मी भाकर लई जाऊ, तं तो म्हने, "रुपचंदले सांगू नको, तो घाबरी जाई." मी ती भाकर दवाखानाना मांगे कुत्रासले टाकी देऊ, आन रिकामं ताट तुमले दखाडू. तुमी म्हनेत, आबा जेवना. मी तव्हयच डाक्टरले सांगती तं काय व्हतं? माले माहीत नही. मंग आबा गया. मसनवाटथीन येताना मन्हा जीवमा तेच खुपे, आन मी ते तुन्हा डोकावर टाकी दिन्हं. एकोणीस वरीस तठेच ठेवं. रोज वाटे, आज सांगसू, उद्या सांगसू. माले माफ कर, भाऊ.

तू खरं सांगं म्हनीसनच आबानी त्या आठ दिनमा बठ्ठासले बलाई लिधं, बठ्ठासले हात लाई देखा. तुले आठव शे का? तू रडी राहिंता, तुले काय आठवी. म्हनीसन मी दरेक कागद तुलेच धाडू. बाकीना लोके मन्ही दया करतीन, भाऊ खरं सांगी, असं माले वाटे. यंदाना साल तू बी दया करी. करी तं करी. मन्हावर जीव शे म्हनीसन करी.

आन साक्रीले मी कसाले उनी, ते ऐक. तू म्हनस, अक्का रागमा देखी राहिंती. येडा शे तू. इसाखानी ती ओळ वाची, तव्हय मी दिन मोजात. सोळा. मी म्हनं, नजर शे तवलोंग देखी लेवो. दुसरा दिन तुमनाकडे उनी. शेवंताले देखं. तुन्ही शाळा देखी, फळावर तुन्हं अक्षर देखं, माले ते वाचता येस नही, पन सुंदर व्हतं. तठून उनी आन मेहरूणना तलाव देखा. इसाखा केसनी येनी घाले, तव्हय तिले रोज देखू. तू कागदमा लिखेल व्हतं तितलंच माले माहीत ऱ्हातं, तं मी ह्या सोळा दिन तांदूळ निवडामा घालती.

आन तुले तीन सकाय देखं. चार वरीसथीन तुन्हं तोंड माले धुक्कामा दिसे. तू बोले तं मन्हा मनमा तोच नवा मास्तर बोले, धुयाना दवाखानामा आबाना खाटजवळ उभा व्हता तो. भाऊ, तुन्हा केस बठ्ठा पांढरा व्हई गयात. गालमा आबासारखा खड्डा पडेल शे. डोयाखाले सुरकुत्या शेतस. माले कोनी सांगेलच नही. मी नही जाती, तं तू माले मरेपावत काया केसनाच दिसता.

येऊ का नको ईचारस? तू कव्हय बी ये. मी तुले देखी लियेल शे.

तुन्ही अक्का,
लिलाबाई